फारसं नाव न ऐकलेले मराठी लेखक शोधायचे कसे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"काय वाचू?" हा मेसेज मला आठवड्यातून दोनतीनदा तरी येतो, आणि हल्ली त्याला एक शेपूट असतं, "नेहमीचं नको गं, काहीतरी वेगळं सांग." प्रत्येकाला वेगवेगळं टाईप करून बोटं दुखायला लागली म्हणून हे एकदाच लिहून ठेवतेय. प्रश्न तुमचेच आहेत, भाषा थोडी आवरून घेतलीय. तेच तेच परत सांगायला लागू नये म्हणून मध्ये मध्ये प्रश्नाचा नंबर दिलाय, तिकडे जाऊन बघा.

१. लेखक चांगला असता तर नाव झालंच असतं ना? मग अनोळखी लेखक शोधायचेच कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि दरवेळी थोडा राग येतो. मराठी पुस्तकाची पहिली आवृत्ती बऱ्याचदा पाचशे नाहीतर हजार प्रतींची असते. त्यातल्या काही भेट म्हणून जातात, काही वाचनालयांत, आणि उरलेल्या प्रकाशकाच्या माळ्यावर. लातूरला छापलेलं पुस्तक रत्नागिरीच्या दुकानात पोचेलच असं नाही, कारण दुकानदाराला एक प्रत मागवायची, ती वर्षभर ठेवायची आणि मग परत पाठवायची हे परवडत नाही. त्यात २०२४ च्या डिसेंबरात पुस्तकं स्वस्तात पाठवायचं पोस्टाचं रजिस्टर बुकपोस्ट बंद झालं तेव्हा छोट्या प्रकाशकांची फारच बोंब झाली, मग २०२५ च्या मेपासून ज्ञानपोस्ट नावाची नवी सोय आली. म्हणजे नाव न होण्याचं कारण पुष्कळदा टपालखर्च असतो, लिखाण नाही.

पण उलटंही खरं आहे हां. नाव नाही म्हणून पुस्तक भारीच निघेल असं काही नाही. मी दहा अनोळखी पुस्तकं आणली तर चार अर्ध्यात सोडते, पाचेक ठीकठाक असतात, आणि एखादंच असं निघतं की जेवायला हाक मारली तरी उठवत नाही. त्या एकासाठी बाकीची नऊ सहन करायची तयारी असेल तर पुढे वाचा.

२. मी पुलं-वपुंच्या पुढे गेलेच नाहीये. एकदम कुठून सुरू करू?

लेखक आणि प्रकार दोन्ही एकाच वेळी बदलू नका. हलकंफुलकं आवडत असेल तर हलकंफुलकंच घ्या, फक्त माणूस नवा घ्या. पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगितलं म्हणून सहाशे पानांची प्रयोगशील कादंबरी उचलायची, तिसाव्या पानावर झोपायचं आणि मग "मला हे वेगळं वगैरे जमत नाही" म्हणायचं, असं डझनभर लोकांचं झालेलं मी बघितलंय.

सोपी युक्ती म्हणजे आवडलेल्या पुस्तकाची शेवटची दोन पानं आणि प्रस्तावना वाचायची. शेवटी त्याच प्रकाशकाच्या बाकीच्या पुस्तकांची यादी असते, त्यात निम्मी नावं तुम्ही ऐकलेली नसतात. आणि तुमच्या आवडत्या लेखकाने कुणाकुणाच्या पहिल्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिलीय ते शोधा. मोठी माणसं भिडेखातर पण प्रस्तावना लिहितात हे मान्य, पण भिडेने लिहिलेली ओळखू येते, तिच्यात पुस्तकाबद्दल दीड परिच्छेद असतो आणि बाकी सगळं साहित्याच्या प्रयोजनाबद्दल.

३. आमच्या वाचनालयात तीच ती पुस्तकं दिसतात. तिथे काही सापडतं का?

सापडतं, पण काउंटरजवळच्या रॅकवर नाही. तिथे जास्त फिरणारी पुस्तकं ठेवलेली असतात. मागे जा, जिथली ट्यूबलाइट लुकलुकत असते तिथे. महाराष्ट्रात फार जुनी वाचनालयं आहेत, रत्नागिरीचं १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, आणि अशा ठिकाणी शंभर वर्षांत कुणीतरी आवडीने घेतलेली पण नंतर कुणी न मागितलेली पुस्तकं निवांत पडून असतात.

माझी पद्धत सांगते. पुस्तक हातात घेतलं की आधी शेवटचं पान उघडायचं, जिथे तारखांचे शिक्के मारलेली चिठ्ठी चिकटवलेली असते. सगळे शिक्के एका वर्षात गर्दीने आलेत आणि मग शांतता, तर ते पुस्तक तेव्हा गाजलं होतं किंवा अभ्यासक्रमाला होतं. पण दरवर्षी एखादाच शिक्का, असं वीस वर्षं चाललंय, तर ते पुस्तक एक वाचक दुसऱ्याला हळूच सांगतोय असं समजायचं. ते घरी न्यायचं. मला एका रेल्वे गार्डाच्या आठवणी अशाच मिळाल्या, जाडा तपकिरी पुठ्ठा, पाठीवरचं नाव पुसलेलं, चिठ्ठीवर सगळे मिळून अकरा शिक्के आणि शेवटचा १९९४ चा. आत कुणीतरी पेन्सिलीने एका पानाच्या कडेला लिहिलं होतं, "हे अगदी खरं." त्या पानावर रात्रीच्या मालगाडीच्या शेवटच्या डब्यात एकट्याने डबा खाण्याचं वर्णन होतं.

आणि ग्रंथपालांशी बोला हो. दुपारी दोन ते चार त्यांनाही वेळ असतो. "काय चांगलं आहे" असं विचारू नका, "तुम्हाला आवडलं पण कोणी नेत नाही असं कुठलं" असं विचारा.

४. दिवाळी अंक उपयोगी पडतात का, की नुसत्या जाहिराती आणि राशिभविष्य?

अनोळखी लेखक गाठायला माझ्या मते यापेक्षा स्वस्त जागा नाही. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा चालू आहे, आणि संपादकाला दरवर्षी पानं भरायची असतात, सगळीच पानं नामवंतांकडून भरत नाहीत. मुखपृष्ठावर ज्यांची नावं मोठ्या टायपात आहेत ती कथा सोडा, अनुक्रमणिकेत खालून वर वाचा.

विकत सगळे घेऊ नका. बरीच वाचनालयं दिवाळीला वेगळी वर्गणी घेऊन अंक फिरवतात. नाहीतर जानेवारीपर्यंत थांबा, रस्त्यावर अर्ध्या किमतीत मिळतात आणि शिळे होत नाहीत, फक्त भविष्याचं पान सोडून. आवडलेल्या कथेच्या लेखकाचं नाव वहीत लिहून ठेवायचं. दोनतीन वर्षं तेच नाव परत परत आलं की त्याचा संग्रह येणार हे नक्की, आणि तुम्ही तो इतरांच्या आधी वाचलेला असणार.

५. पुरस्कार बघून पुस्तक घ्यावं का?

मोठे पुरस्कार बहुतेक वेळा आधीच मोठ्या झालेल्या माणसाला मिळतात, त्यामुळे आपल्या कामाचे नाहीत. दोन ठिकाणी मात्र बघा. एक म्हणजे राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारातला प्रथम प्रकाशनाचा विभाग. दुसरं साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार, हा २०११ पासून आहे आणि पस्तीस वर्षांपर्यंतच्या लेखकांना मिळतो. २०१८ ला तो नवनाथ गोरेंच्या 'फेसाटी'ला मिळाला, जत तालुक्यातला माणूस आणि तिथलीच भाषा. २०२४ ला देविदास सौदागरांच्या 'उसवण'ला. सौदागर तुळजापूरचे, स्वतः शिवणकाम केलेले, आणि कादंबरी रेडिमेड कपड्यांमुळे धंदा बसलेल्या एका शिंप्याची. उसवण म्हणजे शिवण सुटणं. त्या नावातच निम्मं पुस्तक आहे असं मला वाटतं. छोटी कादंबरी आहे, एका रविवारात होते.

गावोगावच्या प्रतिष्ठानांचे पुरस्कार पण शेकड्याने आहेत. त्यात कधी हिरा मिळतो, कधी अध्यक्षांचा भाचा.

६. पुस्तकं बघून, चाळून घ्यायची आहेत. कुठे जाऊ?

पुण्यात अप्पा बळवंत चौक, मुंबईत माटुंग्याच्या किंग्ज सर्कलचे आणि फाउंटनचे फुटपाथवाले, हे सगळ्यांना माहीत आहे. साहित्य संमेलनाचं ग्रंथप्रदर्शन जास्त कामाचं. १८७८ ला पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथकारांचं पहिलं संमेलन झालं, २०२५ ला दिल्लीत ९८ वं झालं, मांडवात भांडणं दरवर्षी असतात, पण आपण मांडवात जायचंच नाही. प्रदर्शनातल्या शेवटच्या गल्लीत जायचं, जिथे एक टेबल, दोन खोके आणि खुर्चीवर स्वतः प्रकाशक बसलेला असतो. शेवटच्या दिवशी दुपारनंतर जा, खोके परत न्यायचे नसतात म्हणून सवलत मागायच्या आधीच मिळते. ग्रामीण, आदिवासी, विद्रोही अशी वेगळी संमेलनं होतात तिथे तर अशी पुस्तकं असतात जी दुकानात कधी येतच नाहीत.

मुलांना घेऊन जायचं असेल तर महाबळेश्वर-पाचगणीजवळचं भिलार. ४ मे २०१७ ला ते पुस्तकांचं गाव झालं. तिथे घराघरात साहित्यप्रकार वाटून दिलेत, एका घरात एक प्रकार, दुसऱ्यात दुसरा. ज्या प्रकाराकडे तुम्ही आयुष्यात ढुंकून बघितलं नाही त्या घराच्या ओटीवर तासभर बसा, स्ट्रॉबेरी खा, कोणी विकत घ्या म्हणत नाही.

७. मला फक्त रहस्य, भय, विज्ञानकथा आवडतात. मराठीत त्यात नवं काही आहे का?

नवं आहेच, पण आधी जुनं बघा, कारण या प्रकारात आपण फार माती केलीय. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली, गुरुनाथ नाईकांच्याही रहस्यकथा हजाराच्या वर आहेत, एकेकाळी वाचनालयात त्यांच्यासाठी नंबर लागायचे आणि आज पंचवीस वर्षांच्या मुलाला नावं सांगितली तर तो "कोण?" म्हणतो. ही पुस्तकं स्वस्त कागदावर छापलेली, मोठ्या ग्रंथालयांनी नाकं मुरडून ठेवली नाहीत, भाड्याच्या लायब्ऱ्या बंद पडल्या आणि पुस्तकं रद्दीत गेली. आता मिळाली तर पान उलटताना कोपरा हातात येतो. रद्दीवाल्याला सांगून ठेवा, किलोच्या भावात देतो, माझ्याकडे सतराअठरा अशीच आलीत.

विज्ञानकथेसाठी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेवर लक्ष ठेवा. परिषद १९६६ पासून आहे आणि स्पर्धेतून खूप जण लिहायला लागलेत, त्यात इंजिनीअर, डॉक्टर, शाळामास्तर सगळे. काही कथा म्हणजे लेक्चर असतात, त्या तीन पानांत कळतात.

भयकथेचं हल्ली बरंचसं ऑडिओवर आणि मोबाईल अॅपवर गेलंय, तिथे कोणीही टाकू शकतं म्हणून चाळणी तुम्हालाच लावायची आहे. प्रश्न ११ मधली दोन मिनिटांची परीक्षा तिथेही चालते.

८. कथा-कादंबरी नको. दुसरं काय वाचू?

आठवणी. आत्मचरित्र म्हटलं की मोठा माणूस डोळ्यासमोर येतो, पण मराठीत साध्या माणसांनी लिहिलेल्या आठवणींचा जो ढीग आहे तो माझ्या दृष्टीने खरा खजिना. सर्व्हेअर, नर्स, तमाशातली बाई, साखर कारखान्याचा केमिस्ट. यांना साहित्यिक व्हायचं नसतं, त्यांना फक्त काय झालं ते सांगायचं असतं.

यातलं सगळ्यात जुन्या धाटणीचं एक सांगते, विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक, घरात कर्ज, उत्तरेत मोठा यज्ञ आहे, दक्षिणा मिळेल म्हणून निघाला आणि थेट १८५७ च्या बंडात सापडला. झाशीला वेढा पडला तेव्हा हा आत होता. इतिहासात लढाया असतात, याच्या पुस्तकात भूक आहे, पाणी कुठून आणलं ते आहे, कनवटीचे पैसे कसे गेले ते आहे. आता आवृत्ती नीट बघून घ्या. १९०७ ला चिंतामणराव वैद्यांनी ते आपल्या हाताने बरंच बदलून छापलं होतं, मूळ हस्तलिखिताबरहुकूम पुस्तक दत्तो वामन पोतदारांनी १९६६ ला आणलं. दुकानात दोन्ही पठडीतल्या प्रती असतात, प्रस्तावना वाचली की कळतं कुठली आहे.

कविता, नाटकं, बालसाहित्य यावर मला फार सांगता येणार नाही. कवितेचं पुस्तक मी दुकानात उभ्याउभ्या तीन कविता वाचून ठरवते, एवढंच.

९. जुन्या पुस्तकाचं नाव माहीत आहे, पण कुठेच मिळत नाही. आता?

आधी ते पुस्तक खरंच त्या नावाचं आहे का ते बघा, आजोबांच्या आठवणीत नावं बदलतात. शंकर गणेश दाते या माणसाने 'मराठी ग्रंथसूची' केली, पहिला खंड १८०० ते १९३७ चा आणि दुसरा १९३८ ते १९५० चा. मोठ्या वाचनालयाच्या संदर्भ विभागात असते. तिच्यात लेखक, वर्ष, छापखाना मिळतो, आणि खरं सांगू का, विषयवार चाळायला लागलात की मूळ पुस्तक राहतं बाजूला आणि तुम्ही दुसऱ्याच सात पुस्तकांची नावं लिहून घेऊन घरी येता.

१९५० नंतरचं असेल तर आणखी एक वाट आहे. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाला प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि मुंबईतल्या मध्यवर्ती ग्रंथालयातही द्यावी लागते. सगळे देतात असं नाही, पण चौकशी करायला हरकत नाही.

ऑनलाइन दुर्मिळ पुस्तक घेताना आतल्या पानांचे फोटो मागवा. मी एका विक्रेत्याला आठशे रुपये दिले, "जुनी प्रत, उत्तम स्थिती" असं लिहिलं होतं, आणि घरी आली ती झेरॉक्स, स्पायरल मारलेली. वर पान ४२ दोनदा आणि ४३ नाही.

१०. टेलिग्रामवर सगळ्याच पुस्तकांच्या पीडीएफ मिळतात की. त्या वाचल्या तर काय बिघडलं?

पाचशे प्रतींची आवृत्ती आठवा (प्रश्न १). त्या लेखकाची पीडीएफ दोन हजार लोकांत फिरली की दुसरी आवृत्ती निघतच नाही. मोठ्या लेखकाला ओरखडा पडतो, छोट्याचा गळाच कापला जातो.

फुकट आणि रीतसर असं भरपूर आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं त्यांच्या वेबसाइटवर उतरवून घेता येतात, मंडळ नवलेखकांना पहिल्या पुस्तकासाठी अनुदान पण देतं, ती यादी म्हणजे आपल्यासाठी आयतं ताट. शिवाय मराठी विकिस्रोत आहे, कॉपीराइटचा हक्क संपलेली पुस्तकं तिथे फुकट वाचता येतात. कायद्याचा हिशोब असा की लेखक गेला त्याच्या पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं हक्क राहतो. म्हणजे १९६५ पर्यंत गेलेल्या लेखकांनी हयातीत छापलेलं २०२६ पासून मोकळं. अनुवाद असेल तर अनुवादकाचा हक्क वेगळा मोजायचा, तिथे बरेच जण फसतात. टोपणनावाचा घोळ प्रश्न १२ मध्ये.

११. लेखकाने स्वतः पैसे घालून छापलेलं पुस्तक वाईटच असतं ना?

नाही. पण तपासून घ्या. मी हे करते: मधलं कुठलंही पान उघडते आणि एक संवाद वाचते. सगळी पात्रं एकाच सुरात बोलत असतील तर ठेवून देते. मग एक वर्णन वाचते, त्यात "निसर्गरम्य" हा शब्द आला तर लेखकाने तिकडे बघितलेलं नाही. शुद्धलेखनाच्या चुकांवरून मात्र नाकारू नका, मुद्रितशोधकाला द्यायला पैसे नसतील त्याच्याकडे. मागच्या कव्हरवरचा मजकूर तर वाचूच नका, तिथे प्रत्येकजण "मराठीतला मैलाचा दगड" असतो.

१२. एकाच बाईची पुस्तकं कॅटलॉगमध्ये दोन नावांनी दिसतात, असं का?

मराठीत हे फार आहे. सगळ्यात गाजलेलं उदाहरण विभावरी शिरूरकर. १९३३ ला 'कळ्यांचे निःश्वास' आलं, गदारोळ झाला, आणि ही बाई कोण हे कुणाला कळेना. त्या माहेरच्या बाळूताई खरे, लग्नानंतर मालतीबाई बेडेकर. म्हणजे एका लेखिकेला शोधायला तीन ठिकाणी बघायचं, श, ख आणि ब. कमी माहितीच्या लेखिकांच्या बाबतीत तर लग्नाआधीची पुस्तकं एका आडनावावर आणि नंतरची दुसऱ्यावर, आणि कॅटलॉग करणाऱ्याला ती एकच व्यक्ती आहे हे माहीतच नाही. प्रस्तावनेत, अर्पणपत्रिकेत नवऱ्याचं, वडिलांचं नाव मिळतं, त्यावरून जोडायचं.

हक्काच्या बाबतीत, टोपणनावाच्या पुस्तकाची ६० वर्षं छापल्यापासून मोजतात, पण त्या मुदतीत खरं नाव उघड झालं तर पुन्हा लेखकाच्या मृत्यूपासून. मालतीबाई २००१ ला गेल्या, तेव्हा १९३३ चं आहे म्हणून पुस्तक फुकट झालं असं समजू नका.

१३. बोलीतलं पुस्तक घेतलं आणि काही कळेना. सोडून देऊ?

वीस पानं मोठ्याने वाचा. अहिराणी असो, वऱ्हाडी असो, मालवणी असो, डोळ्याला अडतं ते कानाला कळतं. पाठीमागे शब्दार्थ दिले असतील तर सारखे उलटून बघू नका, लय तुटते. तरी नाहीच जमलं तर त्या भागातल्या ओळखीच्या माणसाला फोन करा आणि दोन ओळी वाचून दाखवा, तो अर्थ सांगेल आणि वर त्याच्या आजीची गोष्टही सांगेल, अर्धा तास काढून ठेवा.

१४. महाराष्ट्राबाहेर, परदेशात राहतो. आमचं काय?

किंडलवर २०१६ पासून मराठी पुस्तकं आहेत, ऑडिओबुक आहेत, पण छोट्या प्रकाशकांचं तिथे थोडंच असतं. भारतात येणाऱ्या माणसाला यादी द्या, फक्त वजन सांभाळा. मराठी मंडळाच्या कपाटात पण बघा, जुन्या सभासदांनी जाताना ठेवून दिलेली पुस्तकं असतात.

१५. पुस्तक आवडलं. लेखकाला फोन करावा का? भेट प्रत मागितली तर चालेल?

फोन करा. छोट्या प्रकाशनाच्या पुस्तकात दुसऱ्या-तिसऱ्या पानावर लेखकाचा पत्ता आणि मोबाईल नंबर बऱ्याचदा छापलेला असतो, तो त्यासाठीच. संध्याकाळी करा, नाव सांगा, कुठलं पान आवडलं ते सांगा. "छान लिहिता तुम्ही" एवढंच म्हणून ठेवून देऊ नका, त्यांना पुढे काय बोलावं कळत नाही. भेट प्रत मागू नका. ते नाही म्हणणार नाहीत, म्हणूनच मागू नका.

मी एकदा एका कवीला फोन केला तेव्हा ते शेतात मोटर चालू करायला गेले होते, लाइट रात्रीचीच असते तिकडे. मी कविता सांगितली, तर म्हणाले, थांबा जरा, आणि मोटर बंद केल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "हां, आता बोला ताई, कुठली म्हणालात?"